कट्यारींचीं प्रदर्शनें : संग्राहकानें तेथें कां जावें व काय मांडावें

कागद जमविणारा आणि पातीं जमविणारा हे दोघे एकाच घराण्यांतले असले तरी त्यांचें एकमेकांकडे जाणें-येणें फारसें नाहीं. बखरींच्या नकला, रुमालांतील फुटकळ पत्रें, ताम्रपट, नाणीं यांचे जिज्ञासु परस्परांस ओळखतात व परस्परांचें साहित्य पाहतात. कट्यार, बिचवा, जंबिया, खंजीर, पेशकब्ज, सुरा अशा आंखूड पात्याच्या शस्त्रांचे संग्राहक मात्र निराळ्या वाटेनें जातात, आणि त्यांच्या प्रदर्शनांकडे कागदवाल्यांपैकीं क्वचितच कोणी फिरकतो. शिवजयंतीच्या व दसऱ्याच्या सुमारास महाराष्ट्रांत अशीं प्रदर्शनें ठिकठिकाणीं भरतात. शाळेचें सभागृह, देवळाचा मंडप किंवा एखाद्या जुन्या वाड्याची ओसरी, तेथें लांकडी मेजांवर तांबडें कापड आंथरून शस्त्रें मांडलेलीं असतात. त्यांत पाहण्यासारखें काय असतें, आणि ज्याच्या घरीं एखादें-दुसरें जुनें पातें आहे त्यानें तें घेऊन तेथें कां बसावें, याचा खुलासा येथें करण्याचें योजिलें आहे. तलवारीविषयीं मुद्दाम लिहीत नाहीं. तिचे कैवारी पुष्कळ आहेत.

हा छंद केवळ आपल्याच देशांतला नव्हे. अमेरिकेंत १९८२ सालीं सुरू झालेला व पुढें अटलांटा शहरीं स्थिरावलेला ‘ब्लेड शो’ हा पात्यांच्या शोकिनांचा मोठा मेळा समजला जातो. तेथील ओढा बव्हंशीं हयात कारागिरांनीं घडविलेल्या नव्या चाकूंकडे असतो, आणि देवघेव रोख पैशाची चालते. आमच्याकडे विक्रीस स्थान नाहीं, निदान उघडपणें नाहीं. मांडलेला माल जुना, आणि मांडणारा बहुधा त्याचा वारस, नाहीं तर त्याच्यापायीं गांवोगांव हिंडलेला एखादा हौशी. तरीहि दोहोंकडे एक गोष्ट समान आहे, व तीच या मेळाव्यांचें खरें आकर्षण होय असें आम्हांस वाटतें. ती ही कीं, वस्तु आणि तिचा जाणता हे दोघे तेथें एकाच मेजाशीं सांपडतात. विचारलेल्या प्रश्नास जागच्या जागीं उत्तर मिळतें, आणि उत्तर न मिळाल्यास शेजारच्या मेजावरचा माणूस तोंड घालतो.

मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय येथील शस्त्रें उत्तम आहेत. तीं पाहूं नयेत असें कोण म्हणेल? परंतु काचेमागची कट्यार एकाच अंगानें दिसते, आणि या शस्त्राचें सारें मर्म तिच्या मुठींत आहे. इतर शस्त्रांप्रमाणें कट्यारीची मूठ पात्याच्या रेषेंत नसते. पात्याच्या मुळापासून दोन समांतर पट्ट्या मागें येतात, त्यांच्यामध्यें बहुधा दोन आडव्या दांड्या बसविलेल्या असतात, आणि त्या दांड्या मुठींत धरल्या म्हणजे पातें बोटांच्या पेरांपुढें, कोपर व मनगट यांच्या थेट रेषेंत उभें राहतें. मागें आलेल्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंस बसतात व हात मुरगळूं देत नाहींत. म्हणजे हें मुख्यतः कापण्याचें शस्त्र नसून ठोसा मारण्याच्या हालचालीनें खुपसण्याचें आहे, आणि त्यामागें साऱ्या खांद्याचें बळ येतें. पुष्कळ नमुन्यांत टोंकाशीं पातें एकदम जाड झालेलें आढळतें; तें घडविणाऱ्याच्या अज्ञानानें नव्हे, तर चिलखताच्या कड्या उसवितांना टोंक मोडूं नये म्हणून. दक्षिणेकडील कट्यारींस हाताच्या पाठीवर येणारें पानासारखें आवरण असतें, तर उत्तरेकडील नमुन्यांत हात बहुधा उघडाच राहतो. हें सर्व लिहून सांगण्यास एवढ्या ओळी लागल्या. कट्यार हातांत दिली तर एका क्षणांत समजतें.

हातांत घेतल्याशिवाय न कळणारी दुसरी गोष्ट पात्याच्या मुळाशीं असते. सतराव्या शतकांतील पुष्कळ दक्षिणी कट्यारींचें पातें येथें घडविलेलें नाहीं. तें युरोपांतून आलेल्या तलवारीचें, म्हणजे ज्यास आपले पूर्वज ‘फिरंग’ म्हणत त्याचें, तोडून बसविलेलें असतें. मोडक्या फिरंगेचा तुकडा फेकून देण्याइतकें पोलाद स्वस्त नव्हतें. अशा पात्यावर लांब अरुंद नाळी असतात. त्या टोंकाकडे निमुळत्या होण्याऐवजीं मध्येंच तुटल्यासारख्या वाटतात, आणि मुळाशीं दोन पट्ट्यांच्या चिमटींत पातें घालून खिळे ठोकलेले दिसतात. येथें घडविलेल्या कट्यारींत हा सांधा निराळा असतो. भिंगांतून पाहिल्यास कांहीं फिरंगी पात्यांवर परदेशी कारखान्याची खूण किंवा रोमन लिपींतील नांव यांचा अवशेष सांपडतो. ‘आन्द्रेआ फेरारा’ हें नांव हिंदुस्थानांत आलेल्या पात्यांवर इतक्या वेळां आढळतें कीं, त्या कारागिरानें स्वतः एवढीं पातीं घडविलीं असें मानण्यापेक्षां तें नांव विक्रीच्या सोईसाठीं कोरलें जात असे हें मानणें अधिक सयुक्तिक आहे. एका मेजावर चार-पांच फिरंगी पात्यांच्या कट्यारी शेजारीं-शेजारीं पाहिल्या म्हणजे हा सांधा डोळ्यांस इतका परिचित होतो कीं, पुढें कोठेंहि तो ओळखूं येतो. एकेकटी कट्यार दहा वेळां पाहून जें साधत नाहीं तें पांच कट्यारी एकदां पाहून साधतें. पोथ्यांच्या संग्राहकांस हें नवीन सांगावयास नको. एका हातच्या पांच नकला समोर आल्यावरच लेखकाचें वळण ओळखूं येतें.

आतां आमच्या वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळतों. जुन्या कागदांत शस्त्रांचीं नांवें जागोजाग येतात. पण नांव वाचतांना डोळ्यांपुढें नेमकी कोणती वस्तु आणावी याविषयीं आपला पुष्कळ गोंधळ आहे. शिवछत्रपतींच्या वेळीं रघुनाथपंतांनीं रचलेल्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत एक शस्त्रवर्ग आहे. त्यांत यावनी नांवांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, परंतु प्रतिशब्दानें आकृति उभी राहत नाहीं. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरींत शस्त्रांचीं नांवें आहेत व हस्तलिखितांत आकृतीहि आहेत; तेथें आडव्या मुठीच्या शस्त्रास ‘जमधर’ म्हटलें असून ‘कटारा’ हें नांव वेगळ्या शस्त्रास दिलें आहे. पुढें एजर्टन यांनीं १८८० सालीं लंडनच्या इंडिया म्यूझियममधील शस्त्रांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला व आडव्या मुठीच्या शस्त्रास ‘कटार’ या नांवाखालीं घातलें. तेव्हांपासून जगभरच्या संग्राहकांच्या तोंडीं तेंच नांव बसलें. आपल्याकडील कट्यार हा शब्द, तमिळांतील कट्टारी हा शब्द, व दक्षिणेंतील वहिवाट पाहतां हें नांव सर्वस्वीं चुकीचें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण उत्तरेकडील फारसी ग्रंथ वाचणारानें व दक्षिणेकडील कागद वाचणारानें एकाच नांवाखालीं एकच वस्तु कल्पूं नये, एवढें यावरून निश्चित होतें.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे प्रतापगडच्या पायथ्याशीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं घडलेला प्रसंग. राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानें या प्रसंगीं खानाच्या हातीं जमदाड दिली आहे, व राजांच्या हातीं बिचवा आणि वाघनख. जमदाड या शब्दाचें मूळ कोणी ‘यमदंष्ट्रा’ सांगतात, तर कोणी जमधर म्हणजे ‘यमाची धार’ असें सांगतात. दोन्ही नांवें एकाच कुळांतलीं दिसतात. त्या जमदाडीच्या आवरणास सभासद ‘मेण’ म्हणतो. हें मेण म्हणजे मेणबत्तीचें मेण नव्हे, फारसी ‘मियान’ म्हणजे आपलें म्यान. पण प्रथमच बखर वाचणारा विद्यार्थी येथें हमखास अडखळतो. बखरीप्रमाणें खानानें राजांची मान कवटाळून खांकेखालीं धरिली व कुशींत वार केला. सरळ मुठीचा खंजीर घेऊन कोणीं ही हालचाल करून पाहावी. एवढ्या जवळून मनगट वळविल्याशिवाय पातें कुशीकडे येत नाहीं, व वळविलें कीं वारांतलें बळ जातें. आडव्या मुठीची कट्यार हातांत असेल तर मात्र कोपर किंचित् मागें घेऊन पुढें ढकलला कीं काम होतें. जमदाड म्हणजे आडव्या मुठीचेंच शस्त्र असा निर्णय यावरून आम्ही देत नाहीं. परंतु शब्दाचा अर्थ ठरवितांना या पुराव्याचें वजन धरलें पाहिजे, आणि हा पुरावा ग्रंथालयांत बसून मिळणारा नाहीं. एका प्रदर्शनांत दोन्ही शस्त्रें शेजारीं होतीं, एका तालीमबाज गृहस्थांनीं म्यानासकट दोन्हींचे हात करून दाखविले, आणि भोंवतालचा घोळका एकदम शांत झाला. त्यांतील दोघे-तिघे दुसऱ्या दिवशीं बखर बगलेंत मारून परत आले.

बिचव्याविषयींहि असेंच आहे. विंचवाच्या नांगीसारख्या दुहेरी वळणावरून त्याचें नांव पडलें, हें सर्वांस ठाऊक असतें. पण त्याची मूठ म्हणजे लोखंडाचा किंवा पितळेचा एक मिटलेला फेरा असून त्यांत बोटें आंतून घालावीं लागतात, त्यामुळें तळहात उलटा केला तरी तो गळून पडत नाहीं, आणि बाहीच्या आंत सहज राहतो, हें तो हातांत घेतल्यावरच पटतें.

प्रदर्शनांतून ज्ञान निपजतें हा आमचा दावा अपूर्व नाहीं. १८७५-७६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानांत आले, त्यांस संस्थानिकांनीं नजर केलेलीं शस्त्रें इंग्लंडांत व नंतर १८७८ सालीं पॅरिस येथें मांडण्यांत आलीं, आणि त्या निमित्तानें त्यांच्या याद्या व वर्णनें छापलीं गेलीं. एजर्टन यांचा वर उल्लेखिलेला ग्रंथ त्याच सुमाराचा. जॉर्ज कॅमेरॉन स्टोन या अमेरिकन संग्राहकानें आपला शस्त्रकोश १९३४ मध्यें प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षीं तो वारला व त्याचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाला. हे लोक आमच्या भाषा जाणणारे नव्हते. त्यांनीं आमच्या शस्त्रांस नांवें दिलीं व आम्हीं तीं परत उचललीं, यांत त्यांचा दोष थोडा व आमचा अधिक. मोडी व बाळबोध वाचणारा मनुष्य शस्त्रांच्या मेजाजवळ उभा राहिला असता तर कित्येक नांवें पन्नास-साठ वर्षें आधींच दुरुस्त झालीं असतीं.

वाचणाराची तेथें किती गरज आहे याचीं दोन उदाहरणें देतों. बिकानेरच्या सिलेखान्यांतील पुष्कळ शस्त्रांवर ठिपक्याठिपक्यांनीं ठोकलेलीं देवनागरी अक्षरें आहेत. औरंगजेबाच्या दक्षिणेच्या मोहिमेंत महाराजा अनूपसिंह होते, व १६८९ च्या सुमारास अदोनीहून जीं दक्षिणी शस्त्रें त्यांच्या हातीं लागलीं त्यांवर बिकानेरास नेल्यावर त्या अर्थाची नोंद व अनुक्रम घालण्यांत आला. त्या सिलेखान्यांतील शस्त्रें पुढें पांगलीं, परदेशांत गेलीं. पण ठिपक्यांची ती ओळ ज्यास वाचतां येते त्यास कट्यार कोठून कोठें गेली हें तत्काळ कळतें. न वाचणारास ते ठिपके नक्षी वाटतात, व कांहीं महाभागांनीं ते ‘डाग’ समजून घासून काढले आहेत. दुसरें उदाहरण अलीकडचें. नागपूरकर पहिले रघूजी भोसले यांची म्हणून ओळखली गेलेली तलवार २०२५ सालीं लंडनच्या लिलावांत महाराष्ट्र सरकारनें विकत घेतली. तलवारीविषयीं लिहिणार नाहीं असें वर म्हटलें आहे, पण येथें तो नियम थोडा शिथिल करतों. तिचें पातें युरोपीय. आणि तिची ओळख पटली ती तिजवर सोन्यानें लिहिलेल्या देवनागरी ओळीवरून, जींत रघूजींचें नांव, सेनासाहेबसुभा हा किताब व ‘फिरंग’ हा शब्द आहे. ओळ नसती तर ती अनेक फिरंगांपैकीं एक ठरली असती.

ओळ नसलेल्या वस्तूंचें काय होतें हेंहि पाहण्यासारखें आहे, व प्रदर्शनांचें अगत्य आम्हांस जें वाटतें तें मुख्यतः याच कारणानें. तंजावरच्या भोसल्यांचा सिलेखाना हा दक्षिणेंतील शस्त्रांचा मोठा ठेवा होता. १८५५ मध्यें राजे शिवाजी निपुत्रिक वारले, राज्य खालसा झालें, आणि पुढील कांहीं वर्षांतच त्या सिलेखान्यांतील बहुसंख्य शस्त्रें मोडून भंगार म्हणून काढण्यांत आलीं. निवडक तेवढीं मद्रासच्या संग्रहालयांत गेलीं. आज दक्षिणी कट्यारींचें जें कांहीं ज्ञान आहे त्यांतील मोठा भाग त्या उरलेल्या नमुन्यांवर उभा आहे. हें राजवाड्याचें झालें. लहान घरांचा सिलेखाना अद्यापि मोडतोच आहे, मात्र एकेक कट्यारीनें. वाटण्या होतात, वाडा उतरविला जातो, माळ्यावरचें गांठोडें खालीं येतें. तांब्या-पितळेबरोबर कट्यारहि वजनावर जाते आणि तिच्याबरोबरचा रुमाल पाणी तापविण्याच्या बंबांत. असें आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे. कट्यार वांचली व कागद गेला, किंवा कागद वांचला व कट्यार गेली, तरी निम्मेंच उरतें. कारण त्या रुमालांतच कधीं कधीं तें कलम असतें कीं अमक्या मोहिमेनंतर अमक्यास कट्यार बक्षीस दिली. वस्तु एकदां चारचौघांत मांडली गेली, तिच्याविषयीं दोन माणसांनीं विचारपूस केली, कीं घरच्यांच्या नजरेंत तिची किंमत बदलते. मग ती सहसा वजनावर जात नाहीं. प्रदर्शनाचा हा परिणाम कोणत्याहि व्याख्यानापेक्षां अधिक झाल्याचें आम्हीं पाहिलें आहे.

मेजामागें बसणाराचा लाभ पाहणाराहून मोठा असतो, हें बसल्याशिवाय कळत नाहीं. येणारांत तऱ्हेतऱ्हेचे लोक असतात. मुलें ‘ही कोणाची’ एवढेंच विचारतात. कांहीं जण प्रत्येक वस्तु शिवछत्रपतींची किंवा तानाजीची ठरवून मोकळे होतात, व नकार दिला तर रुसतात. पण दिवसांतून एक-दोन माणसें अशीं येतात कीं ज्यांच्यासाठीं बाकीचा दिवस सोसावा. एका म्हाताऱ्या शिकलगारानें आमच्या समोरची कट्यार उचलली, नख पात्यावरून मुळापासून टोंकापर्यंत नेलें, आणि ही तीनदां सहाणेवर गेली आहे, शेवटचा हात बेतालाचा आहे, असें सांगितलें. त्यानें खांदा व धार यांमधील उतार बोटानें दाखविला, तेव्हां तो बेताल हात आम्हांसहि दिसला. दुसऱ्या एका बाईंनीं मुठीच्या दांड्यांतील गुंडाळलेल्या दोऱ्याकडे पाहून सांगितलें कीं हा दोरा नंतरचा, घरांतल्या कोणी बायकामाणसानें गुंडाळलेला आहे. गांठ वेणीची आहे. असें निरीक्षण ग्रंथांत कोठें मिळणार?

पोलादाची पारख हा तेथील आणखी एक आनंद. आपल्या देशांतील मुशींत वितळविलेल्या पोलादास युरोपीय लोक ‘वूट्झ’ म्हणतात. त्यांत कर्ब शेंकडा एक ते दोनपर्यंत असतो, व तें मंद आंचेवर वारंवार ठोकून घडविलें म्हणजे पृष्ठभागावर पाण्याच्या लाटांसारखी रेषा उमटते. हिला जौहर म्हणत. तेलंगणांतील कोनसमुद्रम् हें अशा पोलादाचें नांवाजलेलें ठिकाण असून तेथला माल इराणपर्यंत जाई. ही विद्या एकोणिसाव्या शतकांत लोपली. जौहर नेमका कशानें उठतो याची उपपत्ति विसाव्या शतकाच्या अखेरीस धातुशास्त्रज्ञांनीं लावली, व खनिजांतील व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा अत्यल्प अंश त्यास कारण होतो असें दाखविलें. आजकाल निरनिराळ्या लोखंडांचे थर जोडून व तेजाबानें खाववून केलेलीं पातीं ‘जौहरदार’ म्हणून खपविलीं जातात. त्यांतील रेषा ठळक, सारखी व पट्ट्यापट्ट्यांची असते. खऱ्या जौहराची रेषा बारीक, तुटक व उजेड फिरवावा तशी हलल्यासारखी दिसते. दोन्ही नमुने शेजारीं ठेवून पाहणाराची पुढें फसगत होणें कठीण. दाबली असतां कातरीसारखी उघडून तिहेरी होणारी कट्यार, किंवा जिच्या दोन्ही बाजूंस पिस्तुलें बसविलीं आहेत ती, यांभोंवतीं गर्दी नेहमीं जमते. असे नमुने बहुतेक एकोणिसाव्या शतकांतील कारागिरांचें कौतुक आहेत. ते युद्धांत वापरले गेले असें सांगणाराच्या इतर विधानांकडेहि जपून पाहावें.

चिठ्ठीवर काय लिहावें हा प्रश्न सर्वांत नाजूक. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें तीन वर्षांच्या बोलीनें महाराष्ट्रांत आणून साताऱ्याच्या संग्रहालयांत ठेवण्यांत आलीं, तेव्हां त्यांच्या अस्सलपणाविषयीं मोठा वाद झाला. सातारचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांस तीं पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळालीं, असें त्यांच्या पेटीवर लिहिलेलें आहे. पण त्याच पेटीवर खानास मोगल सरदार म्हटलें आहे, आणि अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. हींच तीं वाघनखें असें सिद्ध करणारा पुरावा नाहीं, असें खुद्द त्या संग्रहालयाचेंहि म्हणणें आहे. पेटीवरच्या लेखानें पेटींतील वस्तु खोटी ठरत नाहीं व खरीहि ठरत नाहीं. लिहिणारास वस्तु मिळाल्याची हकीकत किती ठाऊक होती एवढेंच त्यावरून कळतें. म्हणून मांडणारानें चिठ्ठीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळींवर लिहाव्या असें आम्ही सुचवितों. डोळ्यांस दिसतें तें, म्हणजे लांबी, वजन, धातु, अक्षरें, एका ओळींत. कागदांत सांपडतें तें, कागदाच्या मितीसह, दुसरींत. घरांत सांगतात तें, कोणी सांगितलें त्याच्या नात्यासह, तिसरींत. घरची आख्यायिका लिहिण्यास लाज मानूं नये. ती पहिल्या ओळींत मात्र शिरूं देऊं नये.

मांडण्यापूर्वीं शस्त्र ‘चकचकीत’ करण्याचा मोह टाळावा. चिंच, लिंबू, रांगोळी, विटेची पूड यांनीं पातें चमकतें खरें, परंतु जौहर, कोफ्तगिरीचें सोनें आणि ठिपक्यांचीं अक्षरें हीं तिन्ही त्यांत जातात, व एकदां गेलीं कीं गेलीं. खंडेनवमीस पातें पूजेंत मांडून त्यास हळद-कुंकू व शेंदूर लावण्याचा परिपाठ घरोघर आहे. तो मोडा असें आम्ही सांगत नाहीं. पूजेनंतर दमट कुंकू तसेंच राहूं न देतां मऊ कोरड्या फडक्यानें पुसावें व खनिज तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. खोबरेल किंवा गोडें तेल लावूं नये, तें चिकटून बसतें व धूळ धरतें. कोंकणासारख्या दमट हवेंत पातें लांकडी म्यानांत घालून ठेवूं नये. म्यान व पातें शेजारीं-शेजारीं पण वेगळीं ठेवावीं. पाहणाराच्या हातीं द्यावयाचें असेल तर त्यास सुती हातमोजा द्यावा, कारण घामांतील क्षारानें बोटाचा ठसा लोखंडावर कायमचा उठतो.

कायद्याची माहिती थोडक्यांत देतों. १९५९ च्या शस्त्र-कायद्याखालीं १९६२ सालीं जे नियम झाले त्यांत घरगुती, शेतीच्या व तत्सम कामाच्या हत्यारांखेरीज नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांस शस्त्र म्हणून धरलें होतें. २०१६ मध्यें नवे नियम आले. प्रदर्शनापूर्वीं स्थानिक पोलीस ठाण्यास लेखी कळवून ठेवणें केव्हांहि श्रेयस्कर. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी वस्तु, व हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुनें, हें पुरावस्तु ठरतें आणि खासगी माणसास तें देशाबाहेर नेतां येत नाहीं.

जे वाचक पुढील दसऱ्यास आपली कट्यार घेऊन बसतील त्यांनीं येतांना घरचा रुमालहि बरोबर आणावा, निदान त्यांतील शस्त्रांच्या यादीची नक्कल आणावी. शिलालेखाचा ठसा घेतात त्याप्रमाणें पात्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीच्या शिशाचा हलका हात फिरवावा. नाळी, खुणा व ठिपके सहज उमटतात व पात्यास इजा होत नाहीं. असे ठसे, वर सांगितलेली तीन ओळींची चिठ्ठी, आणि मुठीची एक समोरून व एक बाजूनें अशीं दोन छायाचित्रें, एवढें साहित्य एका कट्यारीस पुरें. त्याच्या दोन प्रती कराव्या. एक शस्त्राबरोबर घरीं ठेवावी व दुसरी जवळच्या संशोधनसंस्थेच्या दप्तरीं द्यावी.